तीन झेरॉक्स आणि ब्यांसचे खोरे

उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यात, जिथे भारत, नेपाळ आणि तिबेट यांच्या सीमा एकमेकींना भिडतात, तिथे काळी नदीच्या वरच्या अंगाला ब्यांसचे खोरे आहे. बूदी, गर्ब्यांग, गुंजी, नपलच्यू, नाबी, रोंगकोंग आणि कुटी ही या खोऱ्यातली भारताच्या बाजूची सात गावे, आणि छांगरू व तिंकर ही नेपाळच्या बाजूची दोन. नऊही गावांतले लोक रं समाजाचे, एकाच भाषेचे आणि एकमेकांच्या सोयरिकीतले. खोऱ्याच्या माथ्यावर पाच हजार मीटरहून उंच अशी लिपुलेख खिंड आहे आणि तिच्या पलीकडे ताकलाकोट ही तिबेटी बाजारपेठ. कैलास-मानसरोवराचे यात्रेकरू याच वाटेने जात आले, आणि मीठ, लोकर व टाकणखार घेऊन येणारे मेंढ्यांचे तांडेही याच वाटेने उतरत आले. मे 2024 च्या अखेरीस मी आणि माझी धाकटी बहीण अशा दोघी या खोऱ्यात जाऊन आलो. तिथे जाण्यासाठी लागणारा इनरलाइनचा, म्हणजे सीमेलगतच्या राखीव भागात शिरण्याचा, परवाना आम्ही कसा मिळवला, हे मी मुख्यतः सांगणार आहे, कारण निघण्यापूर्वी आम्हाला पर्वतांची छायाचित्रे हवी तेवढी मिळाली, मात्र कागदांविषयी नीट सांगणारे कोणी भेटले नाही.

मी बँकेतून निवृत्त झालेली, वय अठ्ठावन्न. बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. कागदपत्रांचे आम्हाला भय नाही, असे आम्ही पुण्याहून निघताना समजत होतो. परवाना धारचुलाच्या उपजिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो, त्यासाठी आधारपत्र, छायाचित्रे, सरकारी रुग्णालयाचा प्रकृतीचा दाखला, नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र आणि पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी लागते, एवढी माहिती आम्ही जमवली होती. त्यांपैकी चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र आम्ही पुण्यातूनच, तीन आठवडे आधी अर्ज करून, काढून घेतले. हा एक शहाणपणा आमच्या हातून झाला. बाकीचे सगळे तिथे गेल्यावर करायचे ठरवले.

दिल्लीहून टनकपूर, तिथून चंपावत आणि लोहाघाटमार्गे पिथौरागढ, आणि पिथौरागढहून जौलजीबीमार्गे धारचुला, अशा प्रवासात आमचे तीन दिवस गेले. गोरी आणि काळी या नद्यांच्या संगमावरच्या जौलजीबीला दर नोव्हेंबरात जत्रा भरते. एकेकाळी तिबेटी लोकर, मैदानातले कापड आणि नेपाळचे तूप व मध यांची तिथे मोठी उलाढाल होत असे. तिथून पुढे धारचुलापर्यंत रस्ता काळीच्या काठाकाठाने जातो आणि पलीकडच्या काठावरची घरे, शाळा, वाळत घातलेले कपडे हे सगळे नेपाळातले असते. माझ्या फोनने मध्येच पलीकडचा टॉवर पकडला आणि घड्याळ पंधरा मिनिटांनी पुढे गेले. पुढचे चार दिवस आम्ही वेळ विचारताना ‘कुठली?’ असे एकमेकींना विचारत होतो.

धारचुलाला पोहोचलो तो शनिवारची दुपार होती. कार्यालये आता थेट सोमवारी उघडणार, हे आम्हाला पुण्यात बसून दिनदर्शिकेत पाहता आले असते. पण आम्ही रेल्वेची तिकिटे पाहिली, वार पाहिला नाही. त्यामुळे रविवार मोकळा मिळाला. ओळखपत्र दाखवून झुलता पूल ओलांडला आणि पलीकडच्या दार्चुलात चहा घेऊन आलो. पुलावर आमच्याबरोबर भाजीच्या पाट्या, गॅसची टाकी आणि नवी लग्नपत्रिका वाटायला निघालेला एक मुलगा होता. 1816 च्या सुगौली तहाने काळी ही सीमा ठरली, त्याला दोन शतके होऊन गेली, तरी नदीच्या दोन्ही काठांवरचे बाजार एकाच गावाचे दोन पेठभाग असावेत तसे चालतात. वाद आहे तो इथे नाही, वर आहे. काळीचा खरा उगम कोणता, यावर. नेपाळने 2020 मध्ये काळापानी, लिपुलेख आणि लिंपियाधुरा हे प्रदेश आपल्या नकाशात दाखवले. ज्या खोऱ्यात आम्हाला जायचे होते त्याचा मोठा भाग त्या नकाशात येतो, हे लक्षात घेतले म्हणजे परवान्यासाठी एवढे कागद का मागतात, याचे कोडे उरत नाही.

सोमवारी सकाळी आम्ही प्रथम रुग्णालय गाठले. रांगेत आमच्यापुढे वीस-पंचवीस माणसे होती, त्यांत निम्मे आमच्यासारखेच यात्रेकरू. रक्तदाब, रक्तातला प्राणवायू, जुने आजार, चालू औषधे एवढे तपासून आणि विचारून डॉक्टरांनी दाखला दिला. माझा रक्तदाब थोडा वर होता. त्यांनी मला बाहेर बाकावर अर्धा तास बसायला सांगून पुन्हा मोजला आणि गोळी चुकवायची नाही, पहिल्या दिवशी चढण चढायची नाही, डोके दुखू लागले तर खाली उतरायचे, असे बजावले. ही तपासणी अनेकांना नुसती औपचारिकता वाटते. मला तसे वाटले नाही. पूर्वी यात्रेकरू पायी जात. गाला गावाहून 4444 पायऱ्या उतरायच्या, मालपामार्गे बूदीला मुक्काम करायचा, मग चियालेखचा चढ चढून गुंजीला पोहोचायचे. त्या चालण्यातच शरीराला उंचीची सवय होत असे, आणि तरीही कैलास यात्रेतल्यांची गुंजीला पुन्हा वैद्यकीय तपासणी होई. मे 2020 मध्ये लिपुलेखपर्यंतच्या रस्त्याचे उद्घाटन झाले, आणि आता माणूस सकाळी 900 मीटरवर न्याहारी करून दुपारी 3200 मीटरवर जेवतो. रस्त्याने वाटेतले मुक्काम काढून घेतले, त्यांचे काम आता त्या अर्ध्या तासाच्या बाकावर आले आहे.

खरी अडचण आली ती प्रतिज्ञापत्राच्या वेळी, आणि तीही आमच्या मराठी नावांमुळे. बाजारातल्या एका दुकानात संगणकावर बसलेला तरुण मजकूर तयार करून देत होता. आपण दिलेली माहिती खरी आहे, आपल्यावर गुन्हा दाखल नाही, लष्करी ठाण्यांची छायाचित्रे काढणार नाही, स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत, अशा आशयाचा तो मजकूर होता. त्याने आधारपत्रावरची आमची तीन-तीन शब्दांची नावे वाचली आणि मधला शब्द ‘पिता’ या रकान्यात टाकला. मग थांबून त्याने आम्हाला निरखून पाहिले.

“दीदी, तुम्ही तर सख्ख्या बहिणी म्हणता. मग वडिलांची नावे वेगळी कशी?”

मी सांगितले, की मधले नाव नवऱ्याचे आहे. त्याने ते ‘पती’च्या रकान्यात हलवले आणि वडिलांचे नाव विचारले. ते सांगितले, तर ते आमच्या एकाही कागदावर नव्हते. शिवाय पुण्याच्या पोलीस प्रमाणपत्रावर बहिणीचे नाव आडनाव आधी, मग स्वतःचे, मग नवऱ्याचे, अशा क्रमाने होते आणि आधारपत्रावर स्वतःचे आधी. ‘ही एकच बाई की दोन?’ असे तो पुटपुटला, ते कुचेष्टेने नव्हे, खरोखरच्या काळजीने. कारण नावात फरक दिसला की अर्ज परत येतो आणि त्याच्या दुकानाला बोल लागतो. शेवटी वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेली नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे आणखी एक कलम प्रतिज्ञापत्रात घालावे लागले. नोटरी जेवायला गेले होते, ते आल्यावर शिक्के झाले. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना, विशेषतः विवाहित स्त्रियांना, माझे सांगणे आहे, की सर्व कागदांवर नावाचा क्रम एक आहे की नाही, ते घरीच तपासून घ्यावे.

अर्ज दाखल झाला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, भारताचे. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या गावांपर्यंत, कोणत्या गाडीने, बरोबर कोण, हे सगळे अर्जात लिहायचे असते आणि परवान्यावर तेच उतरते. म्हणून गाडी आणि मुक्काम आधी ठरवलेले बरे. आम्हाला परवाना दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. हातात घेतल्याबरोबर बहिणीने त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या, कारण वाटेतल्या तपासनाक्यांवर प्रत ठेवून घेतात, असे रांगेतल्या एका बाईंनी तिला सांगितले होते. मी म्हटले, एक पुरे. ती म्हणाली, बँकेत होतीस ना? पुढे तिन्ही लागल्या.

बुधवारी पहाटे पाचला जीप निघाली. चालक स्थानिकच होता, बोलणे कमी आणि हॉर्न जास्त. तवाघाटला दारमा खोऱ्यातून आलेली धौली काळीला मिळते. तिथून पुढे दोन्ही बाजूंचे कडे असे जवळ येतात, की आकाशाची एक पट्टीच तेवढी उरते. रस्ता कड्यात कोरून काढलेला, कुठे पक्का, कुठे नुसता चिखल, आणि डोक्यावरून धबधब्याचे पाणी थेट टपावर. मालपा आले तेव्हा चालकाने गाडीचा वेग न कमी करता एक हात कपाळाला लावला. ऑगस्ट 1998 मध्ये मध्यरात्री इथे डोंगर कोसळला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत साठ कैलास यात्रेकरू होते आणि नृत्यांगना प्रोतिमा बेदीही. गाव होते तिथे आता दगडांचा उतार आहे. अशा कड्यातून हा रस्ता काढणाऱ्या मजुरांना आणि अभियंत्यांना मी मनोमन नमस्कार केला; आणि पावसाळ्यात या रस्त्याने येऊ नये, असेही त्याच क्षणी ठरवले.

बूदीनंतर वळणावळणाची चढण चढून चियालेखला पोहोचलो, आणि अरुंद घळीतून एकदम उघड्या, हिरव्या पठारावर आल्यासारखे झाले. इनरलाइन इथून सुरू होते. तपासनाक्यावरच्या जवानाने परवाना, आधारपत्र आणि आमचे चेहरे आळीपाळीने पाहिले, वहीत नोंद केली, एक प्रत ठेवून घेतली. नोंदवहीत त्यानेही वडिलांचे नाव विचारले. या वेळी आम्ही दोघींनी एकाच सुरात एकच नाव सांगितले.

गर्ब्यांगपाशी थांबलो. व्यापाराच्या दिवसांत हे खोऱ्यातले सर्वांत श्रीमंत गाव होते. तिमजली घरे, त्यांच्या दारा-खिडक्यांच्या चौकटींवर वेलबुट्टीचे कोरीवकाम. मात्र गाव ज्या जमिनीवर उभे आहे ती खचते आहे. एका घराची कोरीव चौकट सरळ उभी होती आणि तिच्या मागे घरच नव्हते. व्यापार बंद झाल्यावर घरे सुटली की जमीन खचल्यामुळे, हे बाहेरच्याला नुसते बघून सांगता येत नाही. दोन्ही झाले आहे.

गुंजीला कुटी यांक्ती आणि काळी या नद्यांचा संगम आहे. 12 ऑक्टोबर 2023 रोजी पंतप्रधान इथे येऊन गेल्यानंतर पर्यटकांचा ओघ फार वाढला, असे सगळेच सांगत होते. जिकडेतिकडे नवे पत्रे, नव्या खोल्या, नव्या पाट्या दिसत होत्या. आम्ही मुक्काम केला तो नदीपलीकडच्या नाबीत, एका घरात. घरमालक काका सत्तरीचे होते. ते आणि काकू हिवाळ्यात धारचुलाला असतात आणि बर्फ वितळले की वर येतात. हे वर्षातून दोनदा घर बदलणे त्यांच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आता फक्त मेंढ्यांऐवजी जीपने. रात्री चुलीपाशी बसलो तेव्हा काकूंनी फाफराच्या पिठाची भाकरी, जंबू या डोंगरी वनस्पतीची फोडणी दिलेली डाळ आणि लोणी-मिठाचा चहा, ज्याला तिथे ‘ज्या’ म्हणतात, असे वाढले. बहिणीला ज्या आवडला नाही आणि तिने तीन वाट्या प्यायल्या, कारण वाटी रिकामी झाली की काकू भरत होत्या आणि नाही कसे म्हणावे, ते तिला समजेना.

परवान्यासाठी आम्ही काय काय केले, ते मी काकांना जरा तक्रारीच्या सुरातच सांगितले. ते हसले नाहीत. त्यांनी शांतपणे जे सांगितले ते मला या प्रवासात सर्वांत मोलाचे वाटते.

त्यांच्या आजोबांच्या काळी, वसंतात खिंड मोकळी झाली म्हणून कोणी लगेच मेंढ्या हाकत ताकलाकोटला जाऊ शकत नसे. आधी पलीकडच्या तिबेटी अधिकाऱ्याचा माणूस येई आणि विचारी, की खाली तुमच्याकडे रोगाची साथ आहे का, दुष्काळ आहे का, लढाई चालू आहे का. गावच्या जाणत्या माणसांना शपथेवर ‘नाही’ म्हणून सांगावे लागे. खोटे निघाले तर जबाबदारी शपथ घेणाऱ्याची. मगच वाट खुली होई. “तुमचा डॉक्टरचा दाखला आणि तुमचे शपथपत्र,” काका म्हणाले, “दोन्ही आमच्याकडे फार जुने आहेत. फक्त स्टँप पेपर नव्हता.” व्यापारही ज्याला वाटेल त्याच्याशी करता येत नसे. प्रत्येक घराचा तिबेटात ठरलेला ‘मित्र’ असे आणि ते नाते बापाकडून मुलाकडे जाई. काही ठिकाणी करार करताना एक दगड फोडून त्याचे दोन तुकडे दोघे ठेवून घेत. पुढे वाद झाला, तर तुकडे जुळवून पाहायचे. मला आमचा नाणेघाट आठवला. जुन्नरहून कल्याणकडे उतरणाऱ्या त्या सातवाहनकालीन वाटेच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, आणि त्यात जकात टाकत असत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. डोंगरातल्या वाटा मोकळ्या असतात, ही कल्पना बहुधा सहलीला जाणाऱ्यांची असावी. ज्यांचे पोट त्या वाटेवर होते त्यांना नाका कुठे आहे आणि तिथे काय द्यायचे आहे, हे पक्के ठाऊक असे.

मेंढीच्या पाठीवर दोन बाजूंना लटकवायची, लोकरीची आणि चामड्याने मढवलेली जोडपिशवी काकांनी आतून आणून दाखवली. तिला करबच म्हणतात. एकेका मेंढीवर आठ-दहा किलो ओझे, जाताना धान्य, गूळ आणि कापड, येताना मीठ, लोकर आणि टाकणखार. शे-दोनशे मेंढ्यांचा तांडा म्हणजे चालते गोदामच. 1962 च्या युद्धानंतर हे सगळे थांबले. 1992 मध्ये व्यापार पुन्हा सुरू झाला. तोवर खाली मैदानातले मीठ स्वस्त मिळू लागले होते आणि मिठासाठी खिंड ओलांडण्याचे कारण उरले नव्हते. गूळ, मिश्री, तंबाखू न्यायचे आणि लोकर, जाकिटे आणायची, एवढाच तो व्यापार राहिला. काका गुंजीत व्यापारपास काढून दरवर्षी ताकलाकोटला जात आणि तिथे भाड्याच्या गोदामात माल ठेवत. 2019 चा हंगाम संपवून परतताना त्यांनी उरलेला माल नेहमीप्रमाणे तिथेच ठेवला, कुलूप लावले आणि पुढच्या वर्षी येतो म्हणून सांगितले. 2020 मध्ये महासाथ आली आणि खिंड बंद झाली. किल्ली चुलीच्या वरच्या खिळ्याला टांगलेली होती, धुराने काळी झालेली. किती रुपयांचा माल आहे, हे मी विचारले नाही. बँकेत काम केलेल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न लगेच येतो, म्हणूनच विचारले नाही.

पुढचे दोन दिवस थोडक्यात सांगते. कुटीपर्यंत गेलो. ते खोऱ्यातले शेवटचे गाव, दगडी घरांचे, आणि आम्ही गेलो तेव्हा खाली गेलेली कुटुंबे नुकतीच परतून दारांपुढचा बर्फाचा चिखल काढत होती. तिथून जोलिंगकोंगला जाऊन आदिकैलास या शिखराचे दर्शन घेतले. वारा इतका होता, की पार्वती सरोवराच्या काठी दहा मिनिटांहून अधिक थांबवले नाही, आणि डॉक्टरांची ताकीद मला तिथे चांगलीच आठवली. ज्याच्यावर बर्फाचा ॐ उमटलेला दिसतो तो ओम पर्वत नाभीढांगहून दिसला नाही. ढग होते. चालकाने एक तास थांबायची तयारी दाखवली, आम्ही पाऊण तास थांबलो.

परतताना चियालेखच्या नाक्यावर त्याच वहीत आमची नावे शोधून समोर बाहेर पडल्याची वेळ लिहिली गेली. परवान्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. एक दिवस शिल्लक ठेवून अर्ज करावा, हेही सांगण्यासारखे आहे; दरड कोसळून रस्ता अडला, तर मुदत संपलेला कागद घेऊन आत अडकण्यापेक्षा ते बरे.

जुलै 2025 मध्ये कैलास-मानसरोवर यात्रा लिपुलेखमार्गे पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये भारत व चीन यांनी या खिंडीतला व्यापारही पुन्हा सुरू करण्याचे ठरवल्याची बातमी आली. आम्ही काकांना फोन लावला. त्यांना बातमी कळली होती. हंगाम संपायला दोन महिनेच राहिले आहेत, यंदा काही होणार नाही, पुढच्या वर्षी पाहू, असे ते म्हणाले. 2019 चा व्यापारपास मुलाने ट्रंकेतून शोधून काढला होता, पण घडीवर फाटला होता आणि शिक्का पुसट झाला होता. बहिणीने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांना सांगितले, की शिक्का वाचता येतो आहे तोवर त्याच्या तीन झेरॉक्स काढून ठेवा.